पालथी बरणी

चैत्र चढला होता. खाडीकाठच्या खाजणावर ऊन उभं होतं, बांधाबांधावर शुभ्र राशी उभ्या होत्या, आणि राशींवरून परतलेला प्रकाश डोळ्यांना बोचत होता. वाऱ्यात मीठ, केसांत मीठ, भिंतींच्या पोपड्यांत मीठ. असं ते लवणधवल, लवणमय गाव. आणि त्या गावात हसुराम म्हात्रेला डॉक्टरने मीठ बंद केलं होतं.

पन्नास वर्षं त्याने खाडीचं पाणी मिठागराच्या कोंडीत अडवलं, उन्हाच्या हवाली केलं आणि लाकडी फळीने त्याचं पांढरं सोनं बांधावर ओढलं. आता त्या पायांवर सूज होती, त्या छातीत धाप होती. मीठ सुटलं नाही तर पावसाळा दिसायचा नाही, असं डॉक्टर तोंडावर म्हणाला. हसुरामला मीठ सोडवेना. त्याने जेवणच सोडलं.

कारण त्या गावाची रीत होती. घरात कुणी गेलं की मिठाची बरणी दाराच्या पायरीवर पालथी घालायची आणि दहा दिवस अळणी गिळायचं. पालथ्या बरणीच्या घरात शेजारीण पाऊल टाकत नसे. पौषात बायको गोमी गेली, तेव्हा हसुरामने थरथरत्या हातांनी बरणी पालथी घातली होती. दहा दिवसांनी सुलटी केली ती कायमची, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. आता जन्मभर अळणी जेवायचं म्हणजे जन्मभर सुतक पाळायचं, आणि तेही स्वतःचं.

दिवस उगवत होते, दिवस मावळत होते. चूल थंड होती, ताट कोरडं होतं, आणि भिंतीला टेकून म्हातारा वाळत होता. गोमीपाठोपाठ जावं, एवढीच काय ती इच्छा उरली होती.

अशा एका दुपारी चांगुणा आली. पलीकडच्या बांधावर, गावाच्या टोकाला राहणारी, मुलगा दूर बोटीवर असलेली, एकटी बाई. गोमी आणि ती, दोघींनी एकाच वाटेवर वीस वर्षं मिठाच्या टोपल्या वाहिल्या होत्या. तिने तांदळाची भाकरी आणली होती, वाल आणले होते. वालांत मीठ नव्हतं, पण भाजल्या लसणीचा वास होता, आमसुलाचा लालसर आंबटपणा होता. हसुरामने ताट सरकवलं.

"सुतकाचं जेवान हाय हे. माजं सुतक मीच पालू?"

 चांगुणाने दुसरं ताट घेतलं, त्याच टोपातले वाल त्यात वाढले आणि समोर मांडी घातली. पहिला घास तिने खाल्ला.

"एकल्यानी खाल्लं त सुतक, भावोजी. दोघांनी खाल्लं त जेवान."

त्या दिवशी त्याने अर्धी भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी पाऊण. मग रोज दुपारी, ऊन माथ्यावर आलं की, पांढऱ्या बांधावरून एक काळी सावली हळूहळू येई आणि दोन ताटं मांडली जात. दोघं गोमीबद्दल बोलत, नाहीतर बोलत नसत. वैशाख लागला, पायांची सूज उतरली. दुःख मात्र उतरलं नाही. ते घासागणिक त्याच्याबरोबर जेवत होतं.

मग एका दुपारी सावली आली नाही. दुसऱ्या दुपारीही नाही. हसुरामने तिचा टोप घासला, काठी घेतली आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तो पलीकडचा बांध चालून गेला. राशींमागून राशी मागे पडल्या. शेवटचं घर आलं, आणि त्याचे पाय जागीच खिळले.

पायरीवर बरणी पालथी होती.

 तिच्या बोटीवरच्या मुलाचं नाव त्याच्या ओठांशी येऊन थबकलं. आत चांगुणा तापाने निपचित पडली होती, उशाशी कुणी नव्हतं. अशा घरात येणार कोण? कोण गेलं, एवढंच त्याने विचारलं.

"कोनी नाय," ती म्हणाली. "चैतापासना पालथीच हाय. समोर मीठ दिसलं क हात जातं. मंग तुमच्या म्होरं बसून अलनी खाऊ कशी? कोनी मरू नये म्हनून पालथी हाय ती."

म्हणजे एवढे दिवस गाव हिच्या दाराला टाळत होतं, आणि त्याला पत्ता नव्हता.   हसुरामने तिची चूल पेटवली, पातळ पेज रटरटवली, लसूण भाजून तीत ठेचली, आणि मीठ न घालता दोन वाट्या भरल्या. दोघांनी ती पेज संपवली.

उतरत्या उन्हात तो घरी आला. कोनाड्यातली बरणी काढली, गोमीचा हात फिरून फिरून गुळगुळीत झालेली. मीठ खाडीला परत दिलं. बरणी पायरीवर पालथी घातली. या वेळी हात थरथरले नाहीत. सांज झाली, राशी करड्या झाल्या, वारा पडला. त्या सगळ्या खारट गावात, या टोकाला एक आणि त्या टोकाला एक, दोन बरण्या पालथ्या होत्या, आणि दोन्ही घरांत माणूस जिवंत होतं.