तीन तासांची सवाष्ण

पाथरडांग्याच्या कालीदेवीला मूर्ती नाही. काळा दगड आहे, त्याला चांदीचे डोळे चिकटवलेत.

केरळात म्हणे डिसेंबरातही पंखा लागतो.

माझ्या बांगडीचं माप सव्वादोन.

भाद्रपदात ताग पाण्यात कुजत घालतात. तेव्हा तिथं साप असतात.

सीमेपलीकडचे मोठे दीर जगदीशदा फोनवर आधी खोकून घेतात, मग बोलतात.

या वेळी खोकून झाल्यावर ते म्हणाले, आईला अजून सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, तिला धक्का सोसायचा नाही. देवीच्या मेळ्याला ती सीमेच्या कुंपणाशी येणारच, ऐकत नाही. तेव्हा खगेन केरळात बांधकामावर गेलाय, सुट्टी मिळाली नाही, एवढंच सांगायचं. आणि तू नीट ये.

नीट म्हणजे काय ते मी विचारलं नाही. माझा नवरा खगेन तागाच्या पाण्यात साप चावून गेला, त्याला तीन महिने झाले होते. मी बिनकाठाची साडी नेसत होते, आणि विधवेला चालत नाहीत म्हणून मासे सोडले होते.

मेळ्याच्या दिवशी दहा ते एक जवान दोन्ही बाजूंच्या लोकांना कुंपणापर्यंत जाऊ देतात. तारांच्या दोन रांगा, मध्ये पाच-सहा हात जागा. कुणाचा हात कुणाला लागत नाही. द्यायचं ते वरून फेकायचं.

सकाळी शेजारच्या मालतीआत्याकडे काठाची साडी मागायला गेले. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तीन महिन्यांत नटायची हौस परत आली?"

मी कारण सांगितलं. ती थोडा वेळ चूल फुंकत राहिली. मग उठली, स्वतःची लाल काठाची साडी काढून दिली आणि माझ्या भांगात शेंदूर भरला. भरताना तोंडानं काही पुटपुटत होती. देवीची माफी मागत असावी.

सवाष्णीच्या शंखाच्या बांगड्या मेळ्यातच घेतल्या, आणि लाल पोवळ्याच्या दोन. दुकानदार माझा हात साबणानं चोळत होता आणि विनोद करत होता. म्हणाला, हात भरलाय वहिनी, नवरा चांगलं खाऊ घालतो वाटतं. मी म्हणाले, हो. तो म्हणाला, कुठं असतो? मी म्हणाले, केरळात. सराव झाला.

देवळात गेले नाही.

कुंपणाशी सगळे ओरडत होते. कुणी बाळ उंच धरून दाखवत होतं, कुणी आजाराचं नाव सांगत होतं, तारेवरून लुंगी, बिस्किटं, कोबी उडत होते. सासूबाई एका खांबाशी बसल्या होत्या, मांडीवर दोन गाठोडी. त्यांच्यामागे जगदीशदा उभे. सासूबाई गेल्या वर्षीपेक्षा लहान दिसत होत्या.

त्यांनी आधी माझा भांग पाहिला. हसल्या. मग खगेनचं विचारलं. मी केरळ सांगितलं, बांधकाम सांगितलं, सुट्टीचं सांगितलं. जगदीशदा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, जरा जास्तच. सासूबाई म्हणाल्या, पोराला आईपेक्षा विटा लाडक्या. आजूबाजूचे हसले.

मी पदर सारखा करायला हात वर केला. त्यांचे डोळे माझ्या डाव्या मनगटावर थांबले.

"टगर, नोआ कुठाय?"

नोआ म्हणजे लोखंडाचं कडं. शंख आणि पोवळं बाजारात मिळतं. नोआही मिळतं म्हणा, पण ते सून विकत घेत नाही. सून उंबऱ्यात आली की सासू स्वतःच्या हातानं घालते, आणि ते बाळंतपणातही उतरवत नाहीत. माझं, खगेन गेला तेव्हा, घाटावर काढून नदीत टाकलं होतं. सकाळपासून मला त्याची आठवणही झाली नव्हती. मालतीआत्यालाही नाही.

"घट्ट होत होतं, आई," मी म्हणाले. "काढून ठेवलंय."

शेजारी एक म्हातारा पलीकडच्या कुणाला गाईचं वय ओरडून सांगत होता. तेवढं ऐकू येत होतं.

मग सासूबाईंनी विचारलं, "जेवतो का वेळेवर?"

"जेवतो."

"झोप लागते?"

"लागते."

त्यांनी एक गाठोडं जगदीशदांच्या हातात दिलं. ते त्यांनी तारेवरून फेकलं. पोहे आणि खजुराचा गूळ. माझ्या पायाशी पडलं, फुटलं नाही. दुसरं गाठोडं सासूबाईंनी मांडीवरच धरून ठेवलं.

"आई, सुकी मासळी राहिली," जगदीशदा म्हणाले. "खास कुटून आणलीस ना दोघांसाठी."

"राहू दे."

"अगं, त्यासाठी तर..."

"तिला आता मासे चालायचे नाहीत."

जगदीशदांनी माझ्याकडे पाहिलं. खोकायचंही विसरले. सासूबाई खांबाला धरून उठल्या. धक्का वगैरे काही बसलेला दिसला नाही. त्यांनी गाठोड्याची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली आणि मला म्हणाल्या, ऊन आहे, डोक्यावर पदर घेऊन जा. मी घेतला.

एक वाजायला वेळ होता, तरी त्या निघाल्या. जवानानं शिट्टी वाजवेपर्यंत मी तिथंच उभी होते, कारण बाकीचेही उभे होते.

परत आल्यावर मालतीआत्यानं विचारलं, कळलं का तिला? मी म्हणाले, नाही. बांगड्या साबणानंही निघेनात. आत्यानं त्या उंबऱ्यावर दगडानं फोडल्या.

हे कुंपण घातलं त्या वर्षी आमच्या भागातल्या खांबांचे खड्डे खगेननं खणले होते, रोजावर, एकवीस दिवस.