एकच स्टार

कल्पना कर, आईचा फोन तुझ्या हातात आहे, आणि आई शिलाई मशीनवरचा पाय न थांबवता सांगते आहे,

"एकच स्टार दे तिला. आणि लिही, ब्लाऊज बिघडवला."

ब्लाऊज कोणाचाच बिघडलेला नाही, हे तुला पक्कं माहीत आहे. काय करशील? थांब, लगेच सांगू नकोस. आधी किर्तीचं ऐक.

किर्ती पाचवीत होती. दादरच्या हिंदमाता कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत तिच्या आईचं, बकुळाचं, ब्लाऊज शिवण्याचं आणि साड्यांना फॉल-बिडिंग करून देण्याचं दुकान होतं. बरोबर समोर लतिकामावशीचं. गेल्या दिवाळीपर्यंत दोघींची मशीनं बकुळाच्याच दुकानात शेजारी-शेजारी चालत. मग लतिकाने समोरचा गाळा घेतला. बकुळाच्या दुकानातलं तिचं स्टूल तेव्हापासून कापडाच्या गठ्ठ्यांखाली गेलं होतं.

रोज दुकान उघडलं की बकुळा फोन तोंडाशी धरून म्हणायची, "हिंदमाताजवळ फॉल-बिडिंग." फोनवर दुकानांची नावं यायची. पहिलं नाव लतिकाचं. बकुळा ते उघडायची आणि एकेक फोटो मोठा करून बघायची.

"हा गळा बघ. नुसता ओढलाय. आणि खाली बायका लिहितायत, सुंदर! डोळे फुटलेत काय यांचे? पायपिंग लावायला मी शिकवलं हिला."

दुपारी डबा खाताना पुन्हा तेच. संध्याकाळी दिवा लावून झाला की पुन्हा.

आज तर कौसल्याकाकू, बकुळाच्या कितीतरी वर्षांच्या गिऱ्हाईक, पैठणीची पिशवी घेऊन थेट समोरच्या दुकानात शिरल्या होत्या. बकुळाने ते पाहिलं आणि फोन किर्तीच्या हातात दिला.

किर्तीने स्टारवर बोट ठेवलं. एक स्टार पिवळा झाला.

"लिहिलंस?"

"कसं लिहू? मी मावशीचं नवीन दुकान आतून बघितलंच नाहीये."

"मग बघून ये. आणि ती पैठणी कोणत्या रंगाची आहे तेही बघ."

किर्ती फोन घेऊन गल्ली ओलांडून गेली. काकू निघून गेल्या होत्या, पिशवी खुंटीला होती. लतिकामावशी स्वतःच्या फोनात डोकं घालून बसली होती. किर्तीला बघून ती दचकली.

"ये गो. बरं झालं आलीस. मला सांग, तुझ्या आईचं नाव रोज पहिलं कसं येतं? कोणाकडून करून घेतलंन?"

किर्तीने वाकून पाहिलं. सगळ्यात वर आईच्या दुकानाचं नाव होतं. खाली आईने शिवलेल्या हिरव्या ब्लाऊजचा फोटो, बाहीपाशी मोठा केलेला.

"मावशी, तू हे रोज उघडतेस?"

"छे! रोज कशाला? मला काय कामं नाहीत?" लतिकाने चष्मा काढून पुसला. "कधीतरी. तिची बाही बघ कशी बसते. माझ्या हाताला अजून येत नाही तशी."

किर्ती आईबरोबर हिंदमाताला कापड घ्यायला जायची. तिथला दुकानदार फारसं विचारत नसे. ज्या कापडावर आईचा हात पुन्हा पुन्हा जाई, तेच तो पुढच्या खेपेला आधी उलगडून दाखवी. फोनही तसंच करत असेल का?

तिने आईच्या फोनवरचा पिवळा स्टार पुसला. मग आईसारखाच फोन तोंडाशी धरून ती म्हणाली, "हिंदमाताजवळ फॉल-बिडिंग."

लतिकाने चष्मा लावला. सगळ्यात वर आलेलं स्वतःचं नाव तिने दोनदा वाचलं.

"हा बकुळाचा फोन?"

किर्तीने मान हलवली. मग मावशीचाही फोन उचलला आणि दोन्ही फोन घेऊन ती पळत सुटली.

"अगो, माझा फोन!" गळ्यातली टेप सावरत लतिका मागोमाग निघाली.

किर्तीने दोन्ही फोन आईच्या मशीनवर शेजारी-शेजारी ठेवले. बकुळाने एक पाहिला. मग दुसरा पाहिला, त्यातली स्वतःच शिवलेली हिरवी बाही पाहिली. मशीनवरचा तिचा पाय थांबला.

लतिका दारात उभी होती, एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर.

"पैठणी कोणत्या रंगाची आहे गं?" बकुळाने विचारलं. कोणाला, ते कळलं नाही.

"जांभळी," लतिका म्हणाली. "बाह्या कशा कापू, तेच समजत नाहीये."

किर्तीने कापडाचे गठ्ठे बाजूला केले आणि खालचं स्टूल ओढून काढलं.