झेल्मामावशी लाइनवर आहेत

डोक्यावरची हिरवी लोकरी टोपी न काढताच झेल्मा स्लोनने भिंतीवरचा फोन उचलला, नंबर फिरवला आणि रिसीव्हर मान वाकडी करून खांद्यात दाबून धरला. हात मोकळे हवे होते. शेगडीवर खारवलेल्या डुकराच्या तुकड्यांबरोबर घेवडा रटरटत होता आणि मक्याच्या पावाचं पीठ अजून कालवायचं होतं.

“तुमच्या आधी सहा जण आहेत, मावशी,” पलीकडून रेडिओवरची मुलगी म्हणाली. “आज अख्खा डोंगर फोनवर आहे.”

“सहा असोत की साठ. मी कुठे पळतेय?”

फडताळावरच्या रेडिओत मर्लचा आवाज चालू होता. मॅरो क्रीक कॉलेजचा बास्केटबॉलचा सामना संपला की पुढचे दोन तास मर्ल लोकांचे फोन घ्यायचा. जिंकलं तर लोक दहा मिनिटांत दमायचे. हरलं तर दोन तास पुरायचे नाहीत. आणि आज तर विचारायलाच नको. तीन हिवाळ्यांत मॅरो क्रीक घरच्या मैदानावर एकदाही हरलं नव्हतं. आज दुपारी ते टिलफर्डकडून हरलं. टिलफर्ड म्हणजे डोंगरापलीकडचं चारशे पोरांचं कॉलेज, सामन्याला येताना चर्चची बस मागून आणतात ते. त्यांचे एकाहत्तर, आपले अडुसष्ट. त्या एकाहत्तरांतले एकतीस एकट्या पोराचे होते. आणि ते पोर कोल्बी स्लोन, झेल्माचा नातू, ह्याच स्वयंपाकघरात वाढलेला.

फोन करणारा प्रत्येक जण प्रशिक्षक हॅन्शॉला सोलून काढत होता. एकाने तर सह्या गोळा करायला सुरुवात केली होती, सोमवारी कॉलेजच्या अध्यक्षांच्या टेबलावर कागद जाणार होता. सगळ्यांचं म्हणणं एकच: त्या पोराच्या डावीकडे दोन-दोन माणसं उभी केली आणि उजवी बाजू मोकळी सोडली. घराला कुलूप लावायचं आणि मागचं दार सताड उघडं ठेवायचं, असली अक्कल कुणी दिली याला?

झेल्माने पिठात ताक ओतलं आणि जरा जोरातच घोटलं.

सामन्याच्या वेळी शेजारच्या खुर्चीतल्या आर्लिसनेही हेच विचारलं होतं. बावीस वर्षं ते दोघं शेजारी बसत आले होते. आर्लिसने मांडीवर थाप मारून विचारलं आणि तिच्या तोंडाकडे बघत राहिला. एवढ्या वेळात झेल्माने हॅन्शॉच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या, दोन्ही पंचांच्या चष्म्याचा नंबर सांगितला असता. पण ती गप्प होती. आर्लिसला वाटलं, बाईला बरं नाही. त्याने खिशातली पेपरमिंटची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली.

अक्कल कुणी दिली ते झेल्माला पक्कं ठाऊक होतं. बुधवारी सकाळी ती स्वतःच हॅन्शॉच्या खोलीत गेली होती. एकतीस वर्षं तिने ह्या संघाचे कपडे धुतले होते. कोणाचा घाम खरा आणि कोणी नुसतं पाणी शिंपडून आलाय, हे तिला बनियन उचलल्याबरोबर कळायचं. पण ह्या एकतीस वर्षांत एकाही प्रशिक्षकाने तिला खुर्ची दिली नव्हती. हॅन्शॉने दिली. तिने सांगितलं, पोरगं फक्त डावीकडून जातं. घरामागे मांसाला धुरी द्यायच्या खोपट्याच्या भिंतीवर बास्केटचं कडं ठोकलेलं आहे, त्याच्या उजवीकडे कोळशाचा ढीग असतो, म्हणून लहानपणापासून त्याला डावीकडचीच सवय. डावी बाजू बंद करा, पोरगं बुजेल. हॅन्शॉने ते कागदावर लिहून घेतलं. सहावीत शाळा सुटलेल्या बाईचं बोलणं कॉलेजातल्या माणसाने लिहून घेतलं, याचा आनंद तिला दोन दिवस पुरला होता.

आणि आज पोरगं पहिल्या मिनिटापासून उजवीकडून गेलं. एकदा नाही, दोनदा नाही. जणू उजवीकडे कोळशाचा ढीग कधी नव्हताच.

मागचं दार वाजलं. कोल्बी आत आला, केस ओले, खांद्यावर पिशवी. टिलफर्डची बस सहा वाजता पेट्रोल पंपावरून त्याला घेणार होती. तोवर जेवून यायची परवानगी होती.

“पाय पूस,” झेल्मा म्हणाली.

त्याने पाय पुसले. तिच्या डोक्यावरची मॅरो क्रीकच्या रंगाची हिरवी टोपी, खांद्यातला फोन, शेगडीवरचं पातेलं सगळं एका नजरेत बघितलं आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसला. त्याला मॅरो क्रीकने घेतलं नव्हतं. उंची कमी पडते, असं हॅन्शॉ म्हणाला होता. तेव्हा गावातल्या चार बायकांनी झेल्माला सुचवलं होतं की जाऊन शब्द टाक, तुझं कोण मोडेल? झेल्मा म्हणाली होती की संघ माझ्या नातवासाठी काढलेला नाही.

“दोन फ्री थ्रो चुकवलेस,” ती पीठ तव्यात ओतत म्हणाली.

“एकतीस केले की, आजी.”

“तेहतीस झाले असते.”

तो हसला. रेडिओवर लाकडाच्या वखारीतला एक जण हॅन्शॉला घरी पाठवा म्हणत होता. उजवी बाजू, उजवी बाजू. कोल्बी ऐकत राहिला. टेबलावरची काकडी-कोबीची आंबट चटणी त्याने बोटाने चाखली आणि मग तिच्याकडे न बघता विचारलं,

“तू सांगितलंस ना त्यांना? माझ्या डावीचं.”

झेल्माने तवा भट्टीत सरकवला, भट्टीचं दार लावलं आणि हात पुसले. सगळं सावकाश.

“सांगितलं,” ती म्हणाली. “तू जन्मायच्या आधीपासून तो माझा संघ आहे. तुला राग आला असेल तर येऊ दे.”

“राग कशाला? मला माहीतच होतं तू सांगणार. तेवढ्या भरवशावर तर मी उन्हाळाभर टिलफर्डलाच राहिलो.”

“वखारीत कामाला होतास तू.”

“सकाळी वखारीत. दुपारी चार ते सात, नुसती उजवी बाजू. पहिले दोन महिने एक धड पडेल तर शपथ. पोरं हसायची.” त्याने बोट पुन्हा चटणीत घातलं. “तू नसतं सांगितलंस तर मीच तोंडावर पडलो असतो. अख्खा उन्हाळा फुकट.”

झेल्माने त्याच्या हातावर हलकी चापट मारली आणि चटणीत चमचा टाकला. उन्हाळाभर पोरगं घरी आलं नाही, ह्याचा राग तिने जूनपासून जपून ठेवला होता. आर्लिसपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळ्यांना तो ऐकवून झाला होता. आता तो ठेवायचा कुठे, असा प्रश्न पडल्यासारखी ती ओट्याशी उभी राहिली. मग तिने टोपी काढली आणि खुंटीला अडकवली.

खांद्यातून मुलीचा आवाज आला. “मावशी, रेडिओ बारीक करा. तुम्ही लाइनवर आहात.”

कोल्बीने उठून रेडिओ बंद केला.

“झेल्मामावशी लाइनवर आहेत,” मर्ल म्हणाला आणि खुर्चीत सावरून बसल्यासारखा थांबला. “मंडळी, ह्यांचीच वाट बघत होतो. मावशी, सोडू नका आज हॅन्शॉला.”

झेल्माने रिसीव्हर खांद्यातून काढून हातात घेतला.

“उजवी बाजू सोडायला हॅन्शॉला मी सांगितलं,” ती म्हणाली.

पलीकडे मर्लची खुर्ची करकरली.

“ऐकलंस का, मर्ल?”

“ऐकलं. पण मावशी, तो तर तुमचाच नातू.”

“मग कुणाच्या नातवाचं सांगू? बाकीच्यांची पोरं मी वाढवलेली नाहीत.” तिने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. “आता नीट ऐक, आणि ते सह्या गोळा करणारेही ऐकू देत. मी सांगितलं ते खोटं नव्हतं. मे महिन्यापर्यंत ते शंभर टक्के खरं होतं. त्यानंतर पोरगं शिकलं. उन्हाळाभर घाम गाळून शिकलं, आणि ते मला माहीत नव्हतं, तर हॅन्शॉला कुठून असणार? त्या माणसाने म्हातारीचं ऐकलं, कागदावर लिहून घेतलं आणि जसंच्या तसं केलं. तुमच्यापैकी किती जणांनी घरातल्या बाईचं एवढं ऐकलंय? तो कागद अध्यक्षांकडे न्यायचा तर वर पहिलं नाव माझं घाला. घर सगळ्यांना माहीत आहे.”

मर्लला हसू आलं असावं, कारण तो खोकला. रिबाउंडचं, कड्याला आपटून परत येणाऱ्या चेंडूंचं काय, त्याने विचारलं. रिबाउंडमध्ये हॅन्शॉ अजून गाढवच आहे, असं झेल्मा म्हणाली, आणि ते तिने बुधवारी त्याच्या तोंडावर सांगितलेलं आहे. शिवाय आपल्या दोन्ही उंच पोरांना कंबर वाकवायची लाज वाटते, हेही तिने जाता जाता सांगून टाकलं. तिचा आवाज आता नेहमीचा झाला होता. कोल्बी हनुवटी हातावर टेकून ऐकत होता.

“बरं मावशी,” मर्ल म्हणाला, “फेब्रुवारीत आपल्याला त्यांच्याकडे जायचंय. पोरगं दोन्ही बाजूंनी यायला लागलंय. आज तुम्ही तीन हातांवरून बघितलंत. तुमच्या नजरेतून काही सुटत नाही. कुठे काही खोट दिसली का?”

दिसली होती. उत्तरार्धात, चौथ्यांदा तो उजवीकडे वळला तेव्हा. वळण्याआधी त्याचा डावा खांदा कणभर खाली यायचा, ओझं खाली ठेवतात तसा. त्यानंतर पाच वेळा तिने मोजून बघितलं होतं, पाचही वेळा. अख्ख्या सभागृहात ते दुसऱ्या कुणाला दिसलं नव्हतं, हे ती कुठेही शपथेवर सांगू शकली असती. आर्लिसला तर नाहीच.

कोल्बी हलला नाही. फक्त त्याची हनुवटी हातावरून उचलली गेली.

भट्टीतून मक्याचा खरपूस वास यायला लागला होता.

“नाही बाबा,” झेल्मा म्हणाली. “मला तर काही दिसली नाही.”

मर्लने आभार मानले, पुढच्याला बोलावलं. झेल्माने फोन भिंतीवर अडकवला आणि गुंता झालेली वायर सोडवत राहिली. तसा फारसा गुंता नव्हता.

“दिसली ना?” कोल्बीने विचारलं.

“दिसली.”

“काय?”

तिने फडकं घेतलं, भट्टी उघडून तवा बाहेर काढला, ताटावर उलटा केला. पाव कुठेही न मोडता अख्खा निघाला. तिने त्याचा कडेचा, सगळ्यात कुरकुरीत तुकडा तोडून त्याच्या पुढ्यात ठेवला.

“ते तुझं तू शोध,” ती म्हणाली. “फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे.”