कापलेल्या बाजूची घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे. लाल-निळ्या चौकड्यांची, जाड विणीची आणि उजवीकडून चांगली हातभर कापलेली. मित्रांनो, मला पाहिले की लोक आधी त्या कापलेल्या बाजूकडे बघतात आणि हळहळतात. हळहळू नका. त्या बाजूचा मला जेवढा अभिमान आहे, तेवढा बाकीच्या साऱ्या अंगाचाही नाही.

मला बनोनाने विणले. टेकडीवरच्या आमच्या गावात तिच्या विणीचा दबदबा होता. निळा रंग तिने पानांपासून काढला, लाल मुळांपासून, आणि वीण अशी ठोकून ठोकून बसवली की शेजारणी विचारत, घोंगडी विणतेस की ढाल? मी मागावरून उतरले तेव्हा एक व्यापारी घोड्याचा छाप असलेले सोन्याचे नाणे घेऊन दारात आला. बनोनाने नाणे उलटसुलट करून पाहिले आणि परत दिले. घोडा झकास आहे, म्हणाली, पण अंगावर घेता येत नाही.

मी तिच्या नवऱ्याच्या, करांतोसच्या खांद्यावर गेले. काशाच्या पिनेने तो मला अडकवी आणि गुरांमागे, बाजारात, पावसात, सगळीकडे घेऊन हिंडे. माणूस मनाचा साफ होता, पण तोंडावर ताबा नव्हता. मनात आले की ते ओठांवर आलेच. त्यांची लेक विंदा रोज माझ्यात गुरगुटून झोपायची.

मग नदीपलीकडच्या लोकांशी तह झाला. तह पाळला जावा म्हणून दोन्हीकडची मुले ओलीस ठेवली गेली, आणि आमच्याकडून विंदा गेली. निघताना बनोना मला तिच्याभोवती गुंडाळू लागली, तेव्हा पोरीने मला काढून बापाच्या खांद्यावर ठेवले. मी परत आले की घेईन, म्हणाली. त्या दिवसापासून मी विंदाची ठेव झाले, असे मी तरी समजत होते.

तहाची मुदत संपायला थोडाच काळ उरला असताना आमच्या सरदाराला, अतेपोला, लढाईची सुरसुरी आली. तह मोडून नदीपलीकडे घाला घालायचा, असे त्याने ठरवले. लढवय्यांना त्याने आधीच नाणी वाटली होती, आता फक्त सभेचा होकार हवा होता. तह मोडला की ओलिसांचे काय होते, हे आमच्यात कुणालाही सांगावे लागत नाही.

आमच्या सभेचा एक कडक नियम आहे. कुणी बोलत असताना मध्ये बोललात, तर तलवारवाला येऊन गप्प करतो. पुन्हा बोललात, तर पुन्हा बजावतो. तिसऱ्यांदा मात्र तुमची घोंगडी अशी कापतो की ती पांघरायच्या कामाची राहत नाही. बनोनाला हे ठाऊक होते आणि आपला नवराही ठाऊक होता. सभेच्या दिवशी सकाळी तिने स्वतःच्या हाताने त्याला पीन लावली आणि मला खांद्यावर नीट बसवत म्हणाली,

"घोंगडीचं काय, दुसरी विणता येईल."

अतेपो गळ्यातली सोन्याची पीळदार हांसळी चमकवत बोलू लागला. त्याच्या पहिल्याच वाक्याला करांतोस ओरडला. तलवारवाला सामो पुढे आला. तो करांतोसचा लहानपणापासूनचा मित्र. मिशीतल्या मिशीत पुटपुटला, "गप रे बाबा." करांतोस पुन्हा ओरडला. सामोने पुन्हा बजावले. तिसऱ्यांदा करांतोस उभाच राहिला आणि त्याने आपणहून पीन काढली.

सामोने मला ओंडक्यावर पसरले आणि तलवार हाणली. मित्रांनो, त्या क्षणी मी बनोनाच्या हातचा एकेक धागा आवळून धरला. मी तुटले नाही. तलवारच वाकली! सभेत हशा पिकला. सामो पात्यावर पाय ठेवून ते सरळ करू लागला. शिक्षा पुरी होईपर्यंत भाषण थांबते, असा आमचा रिवाज आहे. अतेपो हात चोळत बसला आणि सामोला आयुष्यात कधी नव्हे इतका वेळ लागला.

तेवढ्यात करांतोस बोलला; कुणाचे भाषणच चालू नव्हते, म्हणून आता नियमही मोडत नव्हता. आवाज चढवला नाही.

"तुमचा पहिला घाव शत्रूवर नाही, माझ्या विंदावर पडणार आहे. आणि तलवारी तरी बघा आपल्या. लोकरीपुढे वाकतात."

हशा थांबला. मग सामोने मला कापले. दुखले, खोटे कशाला सांगू? पण त्यानंतर अतेपोने होकार मागितला तेव्हा जे झाले, ते मी ओंडक्यावर पडल्या पडल्या ऐकले. आमच्यात होकार म्हणजे ढालींवर शस्त्रे वाजवायची. त्या दिवशी एकही ढाल वाजली नाही.

मुदत संपल्यावर विंदा परत आली. उंच झाली होती. दारात पाऊल ठेवताच तिने मला मागितले, अंगावर घेतले आणि कापलेल्या जागेतून हात बाहेर काढून बघत राहिली. बनोना सुईदोरा घेऊन आली, पण विंदाने तिला शिवू दिले नाही.

आता मी तिच्या पेटीत असते. मित्रांनो, जुन्या लोकरीची हेळसांड करू नका. वर्षातून एकदा आम्हाला ऊन दाखवा, कसर झटका, घडी बदला. पण माझी कापलेली बाजू शिवायला कुणी बसू नका. तो तुकडा कुठे गेला असे कुणी विचारले, तर जिवंत परत आलेल्या विंदाकडे बोट दाखवा.