बारावे कार्ड

"कोपरा दुमडू नकोस," आर्मास कोइवुला म्हणाले. "दुमडला, तर त्याचा अर्थ मी स्वतः दारापर्यंत आलो होतो."

त्यांची देखभाल करणाऱ्या मंजिरीने हातमोज्यातल्या बोटांनी व्हिजिटिंग कार्ड सरळ केले. अशी अकरा होती. प्रत्येकावर शेजाऱ्याचे नाव आणि खाली पेन्सिलीने, वेड्यावाकड्या अक्षरात, 'निरोपासाठी'. लॉकडाउनचा सातवा आठवडा. ऑस्ट्रेलियातल्या ब्लॅकटाउनच्या त्या वृद्धाश्रमात सगळी दारे बंद होती आणि कोइवुलांना कालच कोविड निघाला होता. उद्या इस्पितळ. खिडकीत हिवाळ्याचे ऊन, न बोललेल्या वाक्यासारखे थांबलेले.

फिनलंडमधल्या आरागिरणीतल्या मजुराचा हा मुलगा. खासदार झाला, दोन वर्षे व्यापारमंत्री. सरकार पडल्यावर राजदूत. चार देश, शेवटचा ऑस्ट्रेलिया. प्रत्येक देश सोडताना राजदूतांच्या रीतीप्रमाणे त्यांनी अशी कार्डे पोचती केली होती.

"एकदाच निरोप घ्यायचा राहिला," ते म्हणाले. "मंत्रिपद गेलं तेव्हा मागच्या जिन्याने निघून गेलो. माझा शिपाई पुढच्या दारात उभा होता. संध्याकाळपर्यंत."

बाहेर लीनाने, तिच्या इन-चार्जने, तिला अडवले.

"वेडी आहेस का? त्या रूममधला कागदसुद्धा बाहेर काढायचा नाही. जॉब जाईल तुझा."

"काढत नाहीये गं. आतून दाराच्या काचेला लावून ठेवलीयत. इथून बघून दुसरी लिहिते."

"अकरा?"

"अकरा."

"हे तुझे अंबॅसडर. काल पॉरिजमधल्या मिठावरून अर्धा तास माझ्याशी वाटाघाटी केल्या." लीनाने ड्रॉवरमधून कोरी कार्डे काढली. "घे. अक्षर तरी नीट काढ, मेट."

संध्याकाळपर्यंत अकरा दारांखालून अकरा कार्डे आत सरकली. सगळ्यांचे कोपरे सरळ.

चौथ्या दिवशी ते वारल्याचे इस्पितळातून कळले. मंजिरी खोली आवरायला गेली. नियम साधा होता: कागद तेवढा जाळायच्या पिवळ्या पिशवीत.

दाराला लागून असलेल्या फळीवर बारावे कार्ड उभे होते. पलंगापासून सात पावले. गेला महिनाभर त्यांना आधाराशिवाय एक पाऊलही टाकता आले नव्हते.

कार्डावर तिचे नाव होते. कोपरा दुमडलेला.

तिने त्या दुमडीवरून हातमोज्यातला अंगठा एकदा फिरवला. मग पिशवीचे तोंड उघडले, आणि कोपरा उलगडणार नाही अशा बेताने कार्ड आत टाकलेल्या अकरा कार्डांच्या वर ठेवले.