पांढरी चार

हितेंद्रने बँकेची नोकरी सोडली त्या दिवशी त्याने चाळभर पेढे वाटले. माझ्या हातातला पेढा काही घशाखाली उतरेना. अनुजा, माझी बायको, म्हणाली, "अहो, खा की. तुमचाच मित्र आहे." म्हणूनच उतरत नव्हता. परका असता तर मी दोन खाल्ले असते.

करी रोडच्या आमच्या चाळीत मी आणि हितेंद्र एकाच गॅलरीत वाढलो. भजन शिकलो तेही एकाच बुवांकडे, एकाच पेटीवर. त्यात आवाज माझा होता. मी स्वतः सांगतोय म्हणून खोटं समजू नका, आमचे बुवाच म्हणायचे, "गळा विनीतचा, मेहनत हितेंद्रची." ते ऐकून मी मेहनत करायचं सोडून दिलं. पुढे मी परळच्या एका हॉस्पिटलात अकाउंट्सला चिकटलो, तो बँकेत लागला. रविवार-सणावाराला भजनी मंडळात दोघं गायचो. मग चाळिशी उलटल्यावर या माणसाने ठरवलं की आपल्याला जे आवडतं तेच काम करायचं, आणि केलं. एवढीच साधी गोष्ट आहे. तीच मला सहन होत नाही.

वर्षभरात तोंड पाडून परत येईल असं मला वाटलं होतं. त्याची समजूत कशी घालायची, याचीही मी मनात तयारी करून ठेवली होती. पण तो आला नाही. लालबागच्या नाक्यावर त्याचे बॅनर लागले. फेटा, कपाळाला अष्टगंध, आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'हितेंद्र बुवा'. हॉस्पिटलात जाताना मला त्या बॅनरखालूनच जावं लागतं. फोटोत त्याचं नाक जरा सरळ करून घेतलंय, हे मी अनुजाला बऱ्याच वेळा दाखवलं. ती म्हणते, "तुम्ही त्याच्या नाकाकडे कशाला बघता?"

पक्की नोकरी सोडवत नाही, कारण गिरणी बंद पडल्यावर गॅलरीत नुसता बसून राहिलेला बाप मी पाहिलाय, असं मी लोकांना सांगतो. ऐकणारे हळहळतात. पण हितेंद्रचा बापही त्याच गॅलरीत, माझ्या बापाच्या शेजारीच बसायचा. त्यामुळे हितेंद्र समोर असला की हे कारण मला वापरता येत नाही.

आणि तरीही मी त्याच्या मंडळात आहे. तो पुढे पेटी घेऊन बसतो, बाजूला पखवाजवाला, आणि मागे आम्ही झांजा घेऊन कोरसाला. बुवाने ओळ म्हणायची, कोरसाने ती उचलायची. कोरसाने बुवाच्या पुढे जायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. मी काही वर्षं हा नियम पाळत त्याच्या पाठीकडे बघत बसलोय. त्याच्या झब्ब्याची मागची शिवण माझ्याइतकी त्याच्या बायकोलाही पाठ नसेल.

माघी गणपतीला आमच्या जवळच्या मैदानात डबलबारी होती. डबलबारी म्हणजे दोन बुवांचा सामना. एकाने आपली बारी गायची, मग दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचं, आणि कोण भारी पडलं ते लोकांनी ठरवायचं. समोर होता उन्मेष बुवा. पोरगेला, तीस-बत्तिशीचा, पण गळा असा की मंडपाच्या टोकाला चहा पीत उभे असलेले लोकही कप घेऊन पुढे आले. भजनात पेटीच्या ज्या पट्टीवर सूर धरायचा तिच्यावरून गाणाऱ्याची ताकद ओळखतात. उन्मेष पांढरी चारला गायला, म्हणजे चांगलाच वर. हितेंद्र एरवी त्याच्या खाली, काळी दोनला गातो. तिथे तो गोड गातो, हे मलाही कबूल करावं लागतं.

आमची बारी आली. पखवाजवाला वाद्य सुराला लावायच्या तयारीत बसला होता. एकदा पट्टी ठरली आणि पखवाज तिला लागला की मग मध्येच खाली येता येत नाही. आलंच तर मंडपातल्या शेंबड्या पोरालाही कळतं की बुवा हरला. हितेंद्रने मान जराशी मागे वळवून मला विचारलं, "विन्या, चारला घेऊ काय रे?"

त्याचा गळा चारला टिकत नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. पहिले दोन अभंग निघतील, पण शेवटच्या गजरात, जिथे सूर चढत चढत जातो, तिथे तो उघडा पडणार. समोरच्या पोराने घेतला म्हणून आपण घ्यायचा, ही आमच्या लोकांची जुनी खोड. बुवाला ती हुक्की आली तर मागच्याने आवरायचं असतं.

मी म्हणालो, "घे ना. आज गळा लागलाय तुझा."

विचारलंत म्हणून नाही, पण सांगतो. मला त्या क्षणी छान वाटलं.

त्याने चारला घेतला. नमन झालं, अभंग झाले, गवळण झाली. माझ्या अंदाजापेक्षा तो बराच टिकला, आणि त्याचाही मला राग आला. मग गजर सुरू झाला. झांजांची लय वाढली, लोक टाळ्यांनी ठेका धरायला लागले, आणि हितेंद्रने वरच्या षड्जाला हात घातला. सूर लागला, थरथरला आणि फाटला. पुन्हा त्याने ओळ घेतली. या वेळी नुसती हवा आली. पखवाज चालूच होता. उन्मेषच्या मंडळातला एक जण हसला. कोरस गप्प, कारण उचलायला पुढून ओळच नव्हती.

मी इतके दिवस याच क्षणाची वाट पाहत होतो. त्याने पडावं, सगळ्यांनी बघावं, आणि मी मागे बसून हळूच झांज वाजवत राहावं. पण ती ओळ तशी अर्धवट लटकलेली मला ऐकवेना. मैत्री वगैरे काही आठवली नाही. ती ओळ कशी म्हणायची ते मला माहीत होतं, आणि इतकी वर्षं ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकून माझं डोकं फिरलं होतं. मी नियम मोडला. बसल्या जागेवरून ओळ उचलली, वरच्या षड्जावर नेली आणि तिथेच ठेवली.

 मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की मला माझाच आवाज ऐकू येईना. हितेंद्रने मागे वळूनही पाहिलं नाही. त्याने फक्त माईक उचलून खांद्यावरून मागे, माझ्या तोंडाशी धरला आणि दुसऱ्या हाताने पेटी चालू ठेवली. भाता शेजारचा मारत होता. गजर मी संपवला. लोक उठून उभे राहिले होते, आणि अनुजा बायकांमध्ये बसून डोळे पुसत होती. ती सहसा रडत नाही.

मंडपामागे चहाच्या टेबलाशी हितेंद्र गळ्याला मफलर गुंडाळून उभा होता. त्याला बोलवत नव्हतं. घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तू घे म्हणालास म्हणून घेतला."

"मग? मी काय तुझा गुरू आहे?"

"तसं नाय रे. मला माहीत होतं फाटणार. पण तू मागे होतास ना."

 पडण्यासाठी ढकललेला माणूस आपल्याच भरवशावर उडी मारत होता, हे ऐकून मला लाज वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण त्याहून जास्त हेवा वाटला. पाठीमागे कुणीतरी आहे असं धरून चालायला काय छाती लागते. माझ्या पाठीमागे तर सगळं हॉस्पिटल आहे, पीएफ आहे, आणि मला रस्ता ओलांडायची भीती वाटते.

तेवढ्यात नाना आले. कणकवलीकडच्या एका गावाच्या देवस्थानाचे हे म्हातारे पुढारी दर वर्षी मुंबईला येऊन बुवा ठरवून जातात. ते हितेंद्रला ओलांडून थेट माझ्याकडे आले.

"खंय व्हतात ओ तुम्ही इतकी वर्सां?" त्यांनी माझा हातच धरला. "देवळाक पंचवीस वर्सां झाली. मार्चाच्या शेवटाक पंधरा दिवसांचो सोहळो आसा. रोज वेगळ्या वाडीत भजन. आणि त्याच्यानंतर पावसापर्यंत आमच्याच पट्ट्यात तुमका फुरसत मिळाची नाय. येतास काय? तुम्ही, बुवा म्हणान."

बुवा म्हणून. मला.

आणि माझ्या तोंडून आलं, "मार्च एंडिंग असतं हो नाना. अकाउंट्सला आहे मी. साहेबांना विचारून बघतो, रजा मिळते का."

"इचारा, इचारा," नाना समजूतदारपणे म्हणाले. हात सोडला आणि हितेंद्रकडे वळले. "बुवा, तुमचा कसा?"

हितेंद्रने मान डोलावली. हो म्हणायलाही त्याच्याकडे आवाज नव्हता. फाटका गळा, थोड्या वेळापूर्वी सगळ्या लालबाग-परळसमोर झालेली फजिती, आणि गडी मान डोलावून मोकळा. त्याच्याकडे रजा मागायला साहेबच नव्हता. नानांनी खिशातून मोबाईल काढला आणि तारखा सांगायला सुरुवात केली.

इतका मी पेढ्याच्या दिवशीही जळलो नव्हतो. त्या माझ्या तारखा होत्या. मला आधी विचारलं होतं.

"थांबा नाना," मी म्हणालो. "मी येतो."

"पण तुमची रजा?"

"रजा नको. उद्या जाऊन राजीनामा देतो. पण तारखा माझ्या लिहा. त्याच्या नाही, माझ्या."

हे ऐकायला अनुजा चहाचे कप घेऊन मागे उभीच होती. तिने एक कप माझ्या हातात दिला आणि दुसरा हितेंद्रला द्यायला विसरली.

नाना खूश होऊन माझं नाव विचारत होते, पूर्ण नाव, बॅनरवर घालायला. मी सांगत होतो, आणि सांगता सांगता हितेंद्रकडे पाहिलं. तो हसत होता, मित्राने हसावं तसंच. पण हसू ओठांवरच थांबलं होतं, आणि डोळे माझ्या गळ्यावर खिळले होते. ती नजर माझ्या फार ओळखीची होती. ती आता त्याच्याकडे गेली होती, आणि मला किती तरी वर्षांनी मोकळा श्वास घेता आला.