पिवळीच्या कुंच्या

त्या साली गावात ब्याण्णव उंबरे होते. त्यांतल्या एकतीस घरांनी बियाणं कंपनीसाठी हायब्रीड ज्वारीचे सीडप्लॉट घेतले होते. बाकीच्यांनी कपाशी, मूग, नाहीतर दुकानातलं हायब्रीड पेरलं होतं. पिवळी ज्वारी एकाच घरानं पेरली होती, गोजरबाईच्या. तीही अठरा तासं, म्हणजे अठराच ओळी.

गोजरबाई साठीच्या पुढची. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, पोटी मूलबाळ नाही. दोन एकर रान, एक शेळी आणि चुलीमागं राख आणि कडुलिंबाचा पाला घालून तोंड लिंपलेला बियाचा डेरा, एवढाच संसार. टेंभुर्णीच्या बाजारात सगळं मिळायचं, पिवळीचं बी मिळायचं नाही. पूर्वी ते बाजारात शोधायची गरजच नव्हती. मृग जवळ आला की बाया मापटं घेऊन एकमेकींच्या दारात उभ्या राहायच्या. एकीचं बी किडलं तर दुसरीकडून उसनं न्यायचं आणि सुगीत सवाईनं फेडायचं. बहात्तरच्या दुष्काळात गोजरबाईनं डेऱ्यातलं बीसुद्धा दळून खाल्लं होतं. तेव्हा वरच्या आळीच्या चांगुणाबाईनं मापटंभर पिवळी तिच्या पदरात घातली. आजची अठरा तासं त्याच मापट्यातली. चांगुणाबाई वारली, तिची पोरं जालन्याला कारखान्यात लागली.

तीन वर्षं झाली, गोजरबाईच्या दारात मापटं घेऊन कुणी आलं नव्हतं. त्याचं वाईट वाटायचं. पण धास्ती दुसऱ्याच गोष्टीची होती. आपलं बी गेलं तर मापटं घेऊन आता कुणाच्या दारात उभं राहायचं?

पोळा झाला आणि पुतण्या बद्रीनाथ बांधावर आला. सोबत कंपनीचा सुपरवायझर केशव. जुन्या जालन्याचा, नुकताच बी.एस्सी. झालेला पोरगा, हातात मोजायचा टेप.

“काकू, साहेबांनी मोजलंय,” बद्रीनाथ म्हणाला.

“काय? माझं वय?”

“अंतर. तुमच्या पिवळीपासून माझ्या प्लॉटपस्तोर दोनशे मीटर पायजे. एकशे दहाच भरून राह्यलं.”

“मंग सरकव तुझा प्लॉट.”

बद्रीनाथ हसला नाही. केशव म्हणाला, “आजी, फुलोऱ्याची धूळ वाऱ्यानं उडते. तुमच्या पिवळीची धूळ यांच्या मादीच्या ओळींवर पडली, तर बी भेसळीचं होतं. प्लॉट रिजेक्ट होतो.”

“आन् यांची धूळ माझ्या पिवळीवर?”

केशव टेप गुंडाळू लागला. “तीही पडते. तुमचंही बी बदलतं.”

गोजरबाईनं प्लॉटकडं पाहिलं. आजवर प्लॉट नदीच्या पल्याड होते. अल्याड यंदा पहिल्यांदाच आले होते.

“काकू, पोटरीत हाये तुमची पिवळी. कणसं निसवायच्या आत उपटून टाका,” बद्रीनाथचा आवाज उतरला. “खायाला पोतंभर ज्वारी मी देतो. बिलकुल कमी पडू देणार न्हाई.”

“खायाचं न्हाई रे बद्री. पेरायचं.”

“दुकानात बी काय कमी हाये? दर साली नवं आणायचं.”

जवळच्या ताटाची पोटरी तिनं दोन बोटांनी चाचपली. आत कणीस भरलेलं लागत होतं. मग तिनं केशवला विचारलं, “साहेब, झाकलं तर?”

“झाकलं तर चालतं,” केशव म्हणाला. “धूळ बाहेर जात नाही, आत येत नाही. कणसाची धूळ कणसावरच पडून दाणा भरतो. आमच्या फार्मवर एकेका कणसाला कागदाची पिशवी घालतात. पण आजी, अठरा तासांना कुठून आणणार?”

त्यानं मोटरसायकलच्या डिकीतून पिशव्यांचा गठ्ठा काढला आणि तिथंच मोजला. अठ्ठेचाळीस.

गोजरबाईनं अठ्ठेचाळीस ताटं निवडली, प्रत्येकाला लुगड्याच्या काठाची चिंधी बांधली आणि बद्रीनाथला म्हणाली, “चिंधी सोडून हात घाल.” दोन दिवसांत रान मोकळं झालं. उपटलेली पिवळी बद्रीनाथच्या बैलांनी खाल्ली. उरलेली ताटं लांब-लांब उभी होती, कुणीच कुणाला टेकून नाही.

सगळी एका दिवशी निसवत नव्हती, म्हणून ती रोज पहाटे जायची आणि दिवसभर रानातच असायची. ताट तिच्या दुप्पट उंच. आकडीनं शेंडा खाली ओढायचा, बगलेत धरायचा, पिशवी चढवून वाकाच्या दोरीनं बांधायची. दुसरं कुणी धरायला असतं तर सोपं होतं. दोन ताटं बगलेतच मोडली.

प्लॉटात भेसळीची झाडं काढायला आलेल्या बायांनी हे पाहिलं. बद्रीनाथची बायको कौसल्या लांबून ओरडली, “अगं बया, काकूनं ज्वारीला कुंच्या घातल्या! बारशाला बोलवा बरं, काकू!”

“बोलवीन की. घुगऱ्या खायाला या.”

बाया हसल्या. गोजरबाईही हसली. दिवस मावळायला बाया हसत-बोलत गावाकडं निघाल्या. ती शेवटची पिशवी बांधेपर्यंत त्यांचा आवाज वाटेवर ऐकू येत होता. मग तोही थांबला.

हस्ताच्या पावसानं पिशव्या भिजल्या. काही फाटल्या आणि त्यांत चिमण्यांनी चोची घातल्या, काहींच्या आत दाण्यांवर बुरशी धरली. बद्रीनाथचा प्लॉट पास झाला आणि त्यानं कबूल केलेलं ज्वारीचं पोतं आणून टाकलं. गोजरबाईनं चौतीस कणसं काढली. बडवली नाहीत, मांडी घालून हातानं चोळली. दुकानदाराच्या तागडीत दाणे सव्वा किलो भरले.

“एवढ्याचं काय करणार, काकू? एका सांजेच्या भाकरी,” दुकानदार म्हणाला.

“बराबर तोललं का?” तिनं विचारलं आणि गाठोडं उचललं.

हिवाळाभर तिनं बद्रीनाथच्या ज्वारीची भाकर खाल्ली. सकाळी केलेली संध्याकाळी वातड व्हायची. पाण्यात बुडवून खायची. पिवळीची एकही भाकर तिनं केली नाही. घुगऱ्याही झाल्या नाहीत. कुणी विचारल्याही नाहीत.

मृगाच्या आधी तिनं डेऱ्याचं लिंपलेलं तोंड फोडून ते सव्वा किलो बी बाहेर काढलं. बियाचे दोन वाटे करून दोन गाडग्यांत भरले. एक पेरायचं. दुसरं कुणी मापटं घेऊन आलंच तर, म्हणून दाराजवळ ठेवलं. तीन दिवस ती उंबऱ्यात बसून राहिली. रस्त्यानं बैलगाड्या गेल्या, त्यांत दुकानातल्या बियाच्या पिशव्या होत्या. दाराशी शेळीखेरीज कुणी आलं नाही.

पण बंद पिशवीतला दाणा जिवंत आहे की नाही, हे अजून तिला ठाऊक नव्हतं. तिनं पेरायच्या गाडग्यातले पाच विसा दाणे मोजून घेतले, ओल्या गोणपाटावर पसरले, गुंडाळी केली आणि चुलीच्या उबेला ठेवली. येता-जाता वर पाणी शिंपडत राहिली.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं गोणपाट उजेडात आणून उलगडलं आणि एकेक दाणा बाजूला करत मोजलं. शंभरपैकी एकोणऐंशी दाण्यांना कोंब होते.